‘स्कॉर्पिओ ऑल मॉडेल सेम’ म्हणणाऱ्यांना

एमएच ०७ आणि एमएच ०८, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: २००२ पासून आजवरच्या सगळ्या स्कॉर्पिओंचे ब्रेकचे पार्ट एकच आहेत. साल विचारणं हा शोरूमचा पैसे काढायचा धंदा. बोल्ट बसला की पार्ट चालतो. मागच्या चाकाला मोठा सिलिंडर टाकला की घाटात ब्रेक सुधारतो. एका बाजूचं गेलं तर तेवढंच बदला. आणि ब्रेक ऑइल कुठलंही ओता. खाली शंभरेक अंगठे.

साल विचारून फार काही कळत नाही, हे मला मान्य आहे. एखादा डिस्क पॅड वर्षानुवर्षं तसाच चालतो, तर एखादा पार्ट वर्षाच्या मधोमध बदलतो. त्यात आपण सांगतो ते साल बहुतेक वेळा पासिंगचं असतं. नोव्हेंबरात तयार झालेली गाडी पेणला किंवा रत्नागिरीला जानेवारीत पासिंग झाली की पुढच्या सालाची ठरते. बनावटीचा महिना-वर्ष आरसीवर वेगळा लिहिलेला असतो, पण तो कोण बघतो? म्हणून नीट काम करणारा पार्टवाला चेसिस नंबर मागतो आणि त्यावरून पार्ट नंबर काढतो. दोन गाड्यांचा पार्ट नंबर एकच निघाला, तर साल काहीही असो, बिनधास्त टाका. मेसेजवाला मात्र साल बिनकामाचं म्हणतो आणि तिथून थेट ‘सगळं सारखं’वर उडी मारतो.

सारखं कसं असेल? २०१४ ला जी नवी स्कॉर्पिओ आली तिचे दरवाजे, छप्पर जुन्या गाडीसारखंच होतं, पण खाली चेसिस नवं होतं आणि चाकं १७ इंची झाली. २०२२ ची स्कॉर्पिओ-एन तर वेगळीच गाडी आहे, जुनी तेव्हापासून क्लासिक नावाने विकली जाते. मधल्या काळात एकाच सालात एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली आणि नसलेली अशा दोन्ही गाड्या रस्त्यावर आल्या, कारण एबीएस सगळ्या नव्या कारना सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. वरून गाडी तीच दिसते म्हणून खालचा ब्रेकही तोच, हे बघून ठरवायचं काम नाही.

आता बोल्ट बसण्याची गोष्ट. बोल्टची भोकं जुळली याचा अर्थ पार्ट जागेवर उभा राहिला, एवढाच. डिस्कचा मधला उंचवटा दोन-तीन मिलिमीटरने कमीजास्त असला तरी चाक बसतं, फिरतंही, पण डिस्क कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, मध्यावर येत नाही आणि पॅड तिरके झिजतात. डिस्क पातळ असेल तर पॅड झिजत गेल्यावर कॅलिपरचा पिस्टन गरजेपेक्षा जास्त बाहेर येतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. लेथवर टर्निंग मारून आणलेली डिस्क घेताना ती वाचा, आणि व्हर्नियर लावा.

पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचा घोळ तर डोळ्यांना दिसतच नाही. बाहेरून दोन्ही सारखे, फ्लँज सारखी, पाइपचे आटे सारखे. आत एकाचा बोअर (आतला व्यास) २२.२ मिमी, दुसऱ्याचा २५.४ मिमी असला, तर क्षेत्रफळात साधारण ३० टक्क्यांचा फरक पडतो, कारण हिशेब व्यासाच्या वर्गाचा आहे. मोठा बोअर टाकला की पेडल कडक लागतं आणि मालक खूश होतो, ‘ब्रेक टाइट झाला’ म्हणून. प्रत्यक्षात तेवढाच दाब तयार करायला पायाला तितका जास्त जोर द्यावा लागतो.

मेसेजमधला सगळ्यात वाईट सल्ला मागच्या चाकाचा. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. म्हणून मागचा ब्रेक मुद्दाम कमी ठेवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत मागे जाणारा दाब एक व्हॉल्व्ह आवरतो, एबीएसवाल्या गाड्यांत ते काम बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतं. तिथे २०.६ च्या जागी २२.२ मिमीचा व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक शू ड्रमवर ढकलणारा) बसवला की त्याच दाबाला मागचा जोर १६ टक्क्यांनी वाढतो. कोरड्या रस्त्यावर, मागे चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या असताना काही जाणवणार नाही, उलट बरंच वाटेल. जुलैत, रिकाम्या गाडीने आंबोली उतरताना, वळणावर रस्त्यावरून पाणी वाहत असताना मागची चाकं आधी जाम झाली, तर मागचा भाग पुढे यायला बघतो. पुढची चाकं जाम झाली तर गाडी निदान सरळ तरी घसरते. घाटात ब्रेक तापून सैल पडत असेल तर त्याला औषध म्हणजे खालचा गिअर. सिलिंडर बदलून ती उष्णता कमी होत नाही.

आणि एबीएसवाल्या गाडीला बिनएबीएसचा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बसवला, तर सेन्सरने वाचायची रिंगच नसते. डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग काही ठिकाणी दिव्याची वायर काढून ‘काम फत्ते’ करतात. यावर काय बोलणार.

एकाच बाजूचं बदलण्याबद्दल थोडक्यात: पॅड आणि शू एका अ‍ॅक्सलला जोडीनेच बदलायचे, नाहीतर ब्रेकला गाडी एका बाजूला ओढते. इकडे खाऱ्या हवेने एका बाजूचं आधी जातं ते बहुतेक वेळा कॅलिपरची पिन गंजून अडकल्यामुळे. ती साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावल्याशिवाय नवे पॅडही तसेच एकांगी झिजतील.

ब्रेक ऑइल हे नाव ऑइल, पण जात तेलाची नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे त्याचे दर्जे, दोन्ही ग्लायकॉलची, हवेतली ओल शोषणारी. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल धरल्यावर किमान १५५. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. दमट किनाऱ्यावर वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल लांब उतारावर उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल खाली जातं. बाटलीवर नुसतं डॉट ५ असेल तर ते सिलिकॉनचं, यात मिसळायचं नाही, डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच. इंजिन किंवा स्टिअरिंगचं तेल चुकून जरी पडलं, तरी रबरी वॉशर फुगतात आणि सगळी सिस्टीम उघडावी लागते.

शोरूमचे दर जास्त असतात, ही तक्रार खरी आहे आणि पार्ट तिथूनच घ्या असं कुणी म्हणत नाही. बाहेर चांगल्या कंपन्यांचा माल मिळतो, खोक्यावर तो कुठल्या मूळ पार्ट नंबरच्या जागी चालतो ते छापलेलं असतं. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून कॅलिपर आणायचा असेल तर बॉडीवरचा नंबर जुळवून, पिस्टनवर गंजाचे खड्डे नाहीत हे बघून आणि सील किट नवं टाकून. खोक्यावर नंबर नसून नुसतं ‘स्कॉर्पिओ ऑल मॉडेल’ लिहिलं असेल, तर ते काउंटरवरच राहू द्या.