‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाबद्दल

दीर्घकालीन आजाराच्या तपासणीत सर्वाधिक वेळा विचारला जाणारा आणि सर्वांत कमी उपयोगाचा प्रश्न कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ हाच प्रश्न पुढे करीन. तो विचारण्याच्या सुरातच त्याचे उत्तर ठरलेले असते. रुग्ण ‘हो’ म्हणतो, डॉक्टर रिपोर्टमधल्या पुढच्या आकड्याकडे वळतात आणि आपल्यात काही बोलायचे राहून गेले, असे दोघांपैकी कोणालाही वाटत नाही. सर्दी-तापात हा ‘हो’ महाग पडत नाही, कारण बहुतेक वेळा आठवड्याभरात आजारच निघून जातो. मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार अशा वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या आजारांत मात्र पुढचा प्रत्येक निर्णय त्या ‘हो’वर विसंबून घेतला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावर एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे रुग्ण सांगितलेले उपचार सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच पाळतात, हा त्यातला आकडा पुढे असंख्य ठिकाणी उद्धृत झाला. म्हणजे तपासणीच्या खोलीत ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे उत्तर निदान अर्धवट तरी असते, हे वैद्यकशास्त्राला पुरेसे ठाऊक आहे. तरीही रक्तदाब चढलेला दिसला की पहिली शंका औषधाच्या ताकदीवर घेतली जाते, डोस वाढतो, किंवा जोडीला दुसरी गोळी येते. ज्याने पहिलीच गोळी आठवड्यातून तीन दिवस घेतलेली असते, त्याच्या कागदावर आता दोन गोळ्या असतात. हा मनुष्य एखाद्या वेगळ्याच कारणाने रुग्णालयात दाखल झाला, की तिथली परिचारिका कागदावर लिहिलेली सगळी औषधे, लिहिलेल्या मात्रेत, अगदी वेळेवर देते. मग ज्याचा रक्तदाब ‘कशालाच दाद देत नव्हता’ त्याचा रक्तदाब धाडकन खाली येतो, किंवा मधुमेही रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. त्या एका ‘हो’ची किंमत अशी भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी मोजावी लागते.

रुग्ण खरे का सांगत नाही, याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. फॉलो-अपची भेट ही परीक्षेसारखी घेतली जाते. साखरेचा आकडा चांगला आला तर शाबासकी, वाईट आला तर कानउघाडणी. आणि ज्या परीक्षेत नापास होणाऱ्याला सर्वांसमोर बोलणी खावी लागतात, तिथे उत्तरे पास होण्यासाठीच दिली जातात. तपासणीची तारीख जवळ आली की आठ दिवस पथ्य कडक करायचे आणि गोळ्या न चुकता घ्यायच्या, हा प्रकार मी नात्यात आणि ओळखीत इतक्यांदा पाहिला आहे की त्याचे मला आता नवलही वाटत नाही. उपाशीपोटीची साखर त्याला फसतेही. दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी तितक्या सहज फसत नाही. मात्र सरासरी का बिघडली हे तीही सांगत नाही. १९८४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात काही मधुमेही रुग्णांना साखर मोजण्याची यंत्रे देण्यात आली होती. त्यांत प्रत्येक नोंद साठवली जाते याची रुग्णांना कल्पना नव्हती. वहीत लिहिलेले आकडे यंत्रातल्या आकड्यांशी ताडून पाहिले, तेव्हा अनेकांनी साखर प्रत्यक्षापेक्षा कमी लिहिल्याचे, आणि काहींनी न केलेल्या तपासण्यांचेही आकडे लिहिल्याचे आढळले. (रुग्णांना अंधारात ठेवून रुग्णांच्या खरेपणाची तपासणी करावी, यातली गंमत वेगळीच.) या माणसांना लबाड ठरवणे सोपे आहे, पण औषधाच्या वहीत खोटे आकडे लिहून फायदा कोणाचा होतो? लिहिणाऱ्याचा तर नक्कीच नाही. बोलणी टाळणे एवढाच तो हिशेब असतो.

गोळी न घेण्याची कारणे एकदा नीट ऐकली, तर त्यांतली बरीचशी समजण्याजोगी निघतात. उच्च रक्तदाबावरच्या औषधांच्या एका प्रचलित गटाने काही रुग्णांना कोरडा, चिवट खोकला लागतो. रुग्ण गोळी आपल्या मनाने बंद करतो, खोकला थांबतो, आणि यातले डॉक्टरांना काहीच कळत नाही. सांगितले असते तर त्याच कामाचे, खोकला न आणणारे दुसरे औषध मिळाले असते. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी दिवसभर प्रवास असला की घेतली जात नाही, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. तिची वेळ बदलता येईल का, हे विचारायचे सुचत नाही. दम्याच्या रुग्णाला दोन प्रकारचे इन्हेलर दिलेले असतात. लागलीच आराम देणारा तो मनापासून वापरतो, आणि ज्याचा परिणाम हळूहळू होतो तो, म्हणजे श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवणारा आणि खऱ्या अर्थाने आजार सांभाळणारा, बाजूला पडतो. त्याच्या अनुभवाच्या दृष्टीने त्याचे बरोबरच असते, कारण दुसऱ्याने ‘काही फरक पडत नाही’ हे त्याने स्वतः पाहिलेले असते. फरक असा दिसणारच नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. रक्तदाबाचेही तेच आहे: ज्या आजाराने काही दुखत नाही, त्याच्या गोळीने काही बरे वाटत नाही.

काही वेळा गोष्ट न घेण्याची नसून चुकीचे घेण्याची असते, आणि ती जिवावर बेतते. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतल्यामुळे गंभीर विषबाधा झाल्याची आणि मृत्यूही ओढवल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत. इथे ‘वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला रुग्ण अगदी प्रामाणिकपणे ‘हो, रोज न चुकता’ असे म्हणेल. आणि विचारणाऱ्याने फक्त ‘हो’ ऐकले, तर धोका तसाच राहील.

यावर डॉक्टरांकडून येणारा पहिला आक्षेप वेळेचा असतो, आणि तो खोटा नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ६७ देशांमधील माहितीचा आढावा घेणाऱ्या एका संशोधनात प्राथमिक तपासणीचा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आढळला होता. जगाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते, तिथे हा वेळ पाच मिनिटे किंवा त्याहूनही कमी होता. ४८ सेकंदांत संवाद झाला नाही म्हणून डॉक्टरला दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण जिथे दहा-पंधरा मिनिटे हाताशी असतात, तिथे तरी ऐकले जाते का? १९८४ सालच्याच एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाचे बोलणे सरासरी १८ सेकंदांत तोडल्याचे दिसले होते. २०१८ सालच्या एका अभ्यासात, ज्या रुग्णांना मध्येच थांबवले गेले त्यांच्या बाबतीत तो काळ ११ सेकंदांवर आला होता. याच्या उलट बाजूने स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथील विद्यापीठ रुग्णालयाने २००२ साली एक साधी गोष्ट करून पाहिली: डॉक्टरांनी रुग्णाला मध्ये न थांबवता बोलू द्यायचे. रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले, आणि ७८ टक्के रुग्णांचे म्हणणे दोन मिनिटांच्या आत संपले. एकदा तोंड उघडू दिले की रुग्ण थांबणारच नाही, या समजुतीला त्या नोंदींत फारसा आधार सापडत नाही. मला तर वाटते की मध्येच तोडलेले बोलणे संपत नाही, ते फक्त पुढे ढकलले जाते. म्हणूनच दाराच्या मुठीवर हात ठेवून ‘अजून एक विचारायचे होते’ असे म्हणणाऱ्याचा तो ‘अजून एक’ प्रश्न पुष्कळदा त्या भेटीतला मुख्य प्रश्न असतो.

प्रश्न कसा विचारावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. ‘बऱ्याच जणांच्या गोळ्या अधूनमधून चुकतात. गेल्या आठवड्यात तुमच्या किती वेळा चुकल्या असतील?’ असे विचारले, तर चुकणे ही आधीच मान्य केलेली गोष्ट ठरते आणि रुग्णाला केवळ आकडा सांगायचा उरतो. त्यानंतरची काही सेकंदे प्रश्नाहूनही महत्त्वाची असतात. ‘तीन-चार वेळा’ असे उत्तर आल्यावर कपाळावर आठी दिसली, तर पुढच्या भेटीत तो आकडा ‘एकदाही नाही’ असा होईल. ‘बरे झाले सांगितलेत. कोणत्या गोळीचे जास्त होते?’ असे शांतपणे विचारले, तर खोकला, प्रवास, विसरणे, खर्च, भीती यांपैकी जे काही असेल ते बाहेर येऊ शकते.

तीच गोष्ट समजावून सांगण्याची. ‘समजले ना?’ यालाही उत्तर ‘हो’ हेच असते. त्याऐवजी ‘मी नीट सांगितले की नाही ते मला पाहायचे आहे, तर घरी गेल्यावर औषध कसे घ्याल ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणण्याची पद्धत अनेक ठिकाणी शिकवली जाते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मधुमेही रुग्णांच्या भेटींवर झालेल्या २००३ सालच्या एका अभ्यासात डॉक्टरांनी नव्याने सांगितलेल्या बाबींपैकी अवघ्या १२ टक्के बाबी रुग्णाला कळल्या आणि लक्षात राहिल्या का, हे तपासून पाहिले होते. जिथे तसे तपासले गेले, त्या रुग्णांची साखर आटोक्यात असण्याची शक्यता अधिक आढळली. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे मान्य करूनही, मेथोट्रेक्सेटची चूक पकडण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी सुचत नाही.

रुग्णांच्या बाजूनेही काही करण्यासारखे आहे, आणि त्यात सर्वांत आधी येते ते स्वतः बोलणे. रुग्ण समोर बसलेला असताना सगळी उत्तरे मुलगा, सून किंवा नवरा देतो, हे मला नेहमी खटकत आले आहे. काळजी खरी असते, पण रात्री गोळी घेताना मनात काय येते हे फक्त घेणाऱ्यालाच माहीत असते. मुख्य अडचण खोलीत शिरल्यावर पहिल्याच वाक्यात सांगावी. बंद केलेले औषध बंद केले आहे असे सांगावे, आणि जोडीला दुसऱ्या कोणत्या पद्धतीची औषधे चालू असतील तर तीही सांगावीत.

रुग्णाला एकाच वेळी तीन-चार आजार असले, की प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या आजारापुरते रास्त बोलतो आणि सगळ्यांची बेरीज माणसाला न पेलणारी होते. कार्ल मे, व्हिक्टर माँटोरी आणि फ्रान्सिस मेअर या आरोग्य-संशोधकांनी २००९ साली याच मुद्द्यावर लिहिताना, रुग्णाच्या आयुष्यात कमीत कमी अडथळा आणणाऱ्या उपचारांची कल्पना मांडली. उपचारांचेही ओझे असते, आणि ते मोजल्याविना वाढवत नेले की रुग्ण त्यातले काय टाकायचे हे स्वतःच, कोणाला न विचारता ठरवतो. रुग्णाला अशी मोकळीक दिली तर तो बेफिकीर होईल, असे मानणारे डॉक्टर मला भेटले आहेत. त्यांच्या अनुभवाबद्दल आदर ठेवूनही मला हे पटत नाही, कारण ती मोकळीक रुग्णाने केव्हाच घेतलेली असते. ती डॉक्टरांच्या माहितीत असावी की नसावी, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. केसपेपरवर प्रत्येक औषधापुढे दोन रकाने असावेत: एकात काय लिहून दिले, आणि दुसऱ्यात रुग्ण प्रत्यक्षात काय घेतो, त्याच्याच सांगण्यानुसार. तातडीचा धोका नसेल, तर दुसरा रकाना भरल्याशिवाय पहिल्यातला डोस वाढवू नये.