अँकरेजमध्ये परदेशी विमानांना ‘मोकळे रान’ नाही

‘अलास्कातल्या अँकरेजमध्ये अमेरिकेने परदेशी विमान कंपन्यांना देशांतर्गत मालवाहतूक खुली केली,’ असे सध्या फिरत आहे. हे खरे नाही. अँकरेजला भरलेले खोके शिकागोला उतरवणे परदेशी कंपनीला आजही मनाई आहे.

सूट आहे ती बदलीच्या मालाला. सोलहून आलेला माल अँकरेजला उतरवून दुसऱ्या विमानात, अगदी दुसऱ्या कंपनीच्या विमानातही, चढवला आणि पुढे शिकागोला नेला, तरी त्याचा आंतरराष्ट्रीय प्रवास तुटला असे मानायचे नाही, अशी तरतूद 2003च्या अमेरिकी विमान वाहतूक कायद्यात आहे. म्हणजे मालाचा मूळ उगम किंवा शेवटचा मुक्काम अमेरिकेबाहेर हवाच. नेमकी हीच अट फिरणाऱ्या मजकुरातून गळली आहे (सोयीस्करपणे, असे म्हणायला हरकत नाही).

‘मग तिथे उतरतात तरी कशाला?’ मुख्यतः इंधनासाठी. आशियातून थेट शिकागो गाठायचे तर टाकी जास्त भरावी लागते आणि तेवढा माल कमी घ्यावा लागतो. वाटेत इंधन घेतले की विमान मालाने भरून निघते.