आपल्याकडे ऑटम नसतो म्हणे!

आज दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लालभडक मेपलच्या पानांचा फोटो टाकला, खाली लिहिलं की आपल्या नशिबात कुठलं हे, आपल्याला फक्त ऑक्टोबर हीट. त्यावर सगळ्यांचे हसण्याचे इमोजी. इतकी चिडले ना मी, डबासुद्धा नीट खाल्ला नाही.

अरे आपल्याकडे शरद आहे! आश्विन, कार्तिक. पानं लाल होत नाहीत म्हणून तो धरायचाच नाही का? आपली पानगळ शिशिरात होते, पळस, पांगारा, सावर तेव्हा उघडे पडतात आणि त्याच उघड्या फांद्यांवर फुलतात. शरदात आपल्याकडे पिकतं!

माझं आजोळ रत्नागिरीकडचं. दसऱ्याला जायचो तेव्हा हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापायला आलेलं असायचं, उशिरा पिकणारं गरवं अजून हिरवट. मी भर दुपारी उकडतंय उकडतंय करून घर डोक्यावर घ्यायचे आणि आजी शांतपणे म्हणायची, "तापूदे गो, दाणा भरतोय." हात चालूच. भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल एकत्र बांधून ती 'नवं' करायची आणि मामा ते दाराला बांधायचा.

पावसाळा सगळ्यांचा लाडका, माझाही आहे, पण सुरुवातीचे दिवस. नंतर कपडे वाळत नाहीत, कपाटाला कुबट वास, आणि रविवारी लोणावळ्याला निघालात तर घाटात गाडीतच बसा. थंडी छान, पण मुंबईत येते कुठे? उन्हाळ्याला आंबा नसता तर कुणी विचारलं नसतं त्याला. आणि शरदात बघा, धूळ बसलेली, सिंहगडावरून राजगड-तोरणा लख्ख दिसतात, कातळी सड्यांवर सोनकीची फुलं पिवळीधम्मक, दुपारी भाजलं तरी पहाटे गवतावर दव, आणि कोजागिरीला ढग आडवे आले नाहीत तर ते चांदणं... जाऊ दे, ज्यांनी गच्चीवर बसून दूध प्यायलंय त्यांना काय सांगायचं.

हो, घाम येतो. लोकलमध्ये जीव नकोसा होतो. ढग गेलेले, वारा पडलेला, जमिनीत ओल, मग होणारच. पण त्याच उन्हात आजीचा दाणा भरायचा आणि कापलेलं भात वाळायचं.

२०१९ आठवतंय? मान्सून राजस्थानातून परत फिरायलाच ९ ऑक्टोबर उजाडला, आणि महिनाअखेरीला अरबी समुद्रात क्यार वादळ. मामाचं कापून ठेवलेलं भात पाण्यात, लोंब्यांना शेतातच कोंब फुटले. मामा फोनवर काही बोललाच नाही. आजी तेव्हा नव्हती, आणि ती नाही हे बरं झालं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. त्या वर्षी मामाला हीच हीट हवी होती हो, चार दिवस तरी. जिला तुम्ही नावं ठेवता ती!

मेपल सुंदरच असतात, नाही कोण म्हणतंय. पण आपलं काहीच नाही असं माझ्यासमोर बोलू नका.

कोजागिरीला मामाकडे जातेय. ज्यांना यायचंय त्यांनी खरंच कळवा, मामी नव्या तांदळाचा भात वाढेल. दुपारी उकडतं खूप, ओटीवर जरा बरं असतं.