खुलासा : ‘आयएफए’ दरमहा मानधन देत नाही

लोककलावंतांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स (आयएफए) प्रत्येक कलावंताला महिना ५,००० रुपये देते, लगेच आधार कार्ड पाठवा.’ ही माहिती चुकीची आहे.

संस्थेच्या अनुदानाचे नियम मी वाचले. १९९३ साली स्थापन झालेला हा सार्वजनिक न्यास ठरावीक कामासाठी अनुदान देतो : संशोधन, नवी कलानिर्मिती, शाळेतलं कलाशिक्षण. समजा, एखाद्या शाहिराला आपल्या भागातल्या जुन्या पोवाड्यांचा अभ्यास करायचा आहे. त्याने काय करणार, कसं करणार, खर्च किती, हे मांडून प्रस्ताव द्यायचा. तो मराठीतही चालतो, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं. संस्थेचा ‘प्रोजेक्ट ५६०’ हा अनुदानाचा कार्यक्रम मात्र खास बंगळुरू शहरासाठी आहे.

मेसेजमधला ५,००० चा आकडा आहे महाराष्ट्र शासनाच्या ज्येष्ठ साहित्यिक-कलावंत मानधन योजनेचा. ती सांस्कृतिक कार्य संचालनालयाची योजना, या संस्थेचा तिच्याशी संबंध नाही.

वयस्कर कलावंत भाबडेपणाने कागदपत्रं पाठवतात. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.