गड घेतला, पण सारा कुणी घेतला?

एप्रिल संपत आला की अटकेपार झेंडा लावल्याच्या पोस्टी फिरायला लागतात. १७५८, राघोबादादा, भगवा, सिंधूचं पाणी. सोबत एआयने काढलेलं चित्र, त्यात घोडे असे पांढरेशुभ्र की आत्ताच धुऊन आणलेत. मला त्या मोहिमेचं कौतुक आहेच. पुण्याहून निघून पेशावरच्या वाटेपर्यंत फौज नेणं खायचं काम नव्हतं. पण "मराठ्यांनी पंजाब जिंकला" असं कुणी लिहिलं की मी तिथेच अडतो. जिंकला म्हणजे नक्की काय केलं?

एप्रिलमध्ये दादा लाहोरात होते. लगेच परतीची घाई. पंजाब सांभाळायला ठेवला कोण, तर अदीना बेग खान, वर्षाला ७५ लाख देण्याच्या बोलीवर. सप्टेंबरात हा अदीना बेग मेला. १७५९ सरता सरता अब्दाली परत आला आणि आपली ठाणी उठली. पुरतं दोन वर्षंही नाही. मोहिमेने तिजोरी भरायच्या ऐवजी कर्ज वाढलं आणि त्यावरून पुण्यात दादा आणि सदाशिवरावभाऊ यांचे खटके उडाले. झेंडा लागला होता, वसूल बसला नव्हता.

माझं मत साधं आहे, पटलं नाही तर खाली भांडा. गड एका दिवसात पडतो. मुलूख जिंकला की नाही हे पुढच्या सुगीला कळतं, पाटील-कुलकर्णी शेतसारा कुणाच्या कचेरीत भरतात त्यावरून.

याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच मातीत आहे. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला. १६८६ ला विजापूर, १६८७ ला गोवळकोंडा. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या, त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत. कुठल्याही पाठ्यपुस्तकी व्याख्येने मराठी राज्य इथे संपलं. राजा मारला, राजधानी घेतली, वारस ताब्यात. बादशहाने खुशाल दिल्लीला परत जावं अशी स्थिती. तो गेला नाही, कारण जाता येईना. पुढची अठरा वर्षं तो इथेच किल्ले घेत बसला आणि १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला मेला.

आणि किल्ले कसे घेतले ते बघण्यासारखं आहे. साताऱ्याचा वेढा १६९९ च्या डिसेंबरात बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू वर बसून लढत होते. एप्रिल १७०० मध्ये मुघलांनी सुरुंग उडवला, तर तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दबा धरून बसलेल्या त्यांच्याच माणसांवर आला. शेवटी किल्ला मिळाला तो वाटाघाटीने. नाव ठेवलं आझमतारा. विशाळगडाला सहा महिने घासाघीस झाली आणि १७०२ च्या जूनमध्ये दोन लाख रुपये मोजून गड ताब्यात आला. त्याचंही बारसं झालं, सख्खरलाना. मग बादशाही फौज पन्हाळ्याकडे निघाली ऐन पावसात. अंतर जेमतेम तीस मैल. लागला महिन्याहून जास्त. ओढे, चिखल, मेलेली जनावरं, सोडून दिलेलं सामान. सह्याद्रीतला आषाढ ज्याने पाहिलाय त्याला याहून वेगळं सांगायला नको.

आपल्या किल्लेदारांची रीत ठरून गेली होती: पावसाळ्यापर्यंत झुंजवायचं, मग रक्कम घेऊन माणसांसकट खाली उतरायचं, आणि बादशहाची पाठ वळली की गड पुन्हा घ्यायचा. याला कुणी फितुरी म्हणेल, मी म्हणत नाही. वेढ्याचा खर्च त्याचा, रक्कम त्याची, शेवटी गड आपला. बादशहाच्या हातात उरली ती फक्त नवी नावं. एक तोरणा तेवढा मुघलांनी खरोखर दोर लावून, चढून घेतला.

या काळात गावात काय चाललं होतं? एकाच वतनाला, म्हणजे पिढीजात हक्काला, दोन सनदा. देशमुख मराठ्यांकडूनही कागद घ्यायचा आणि मुघलांकडूनही. राजारामराजांकडे पैसा नव्हता, म्हणून कागद होते. इनाम, सरंजाम, अजून हातात नसलेल्या मुलखाचेसुद्धा. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना दिलेलं पत्र ठाऊक असेलच. रायगड प्रांत घेतल्यावर इतके होन (सोन्याची नाणी), विजापूर घेतल्यावर इतके, मग भागानगर (हैदराबाद), मग औरंगाबाद, आणि बक्षिसातला सर्वात मोठा वाटा दिल्ली घेतल्यावर. लिहिणारा राजा तेव्हा दूर तमिळ मुलखातल्या जिंजीत, बाहेर मुघल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा. आज अशी ऑफर दिली तर लोक स्क्रीनशॉट काढून हसतील. पण त्या पत्रांवर माणसं लढली, कारण त्यांच्या भागात वसूल खरोखर तीच माणसं करत होती. खाफीखान या मुघल बाजूच्याच बखरकाराने लिहून ठेवलंय की मराठा सरदार प्रत्येक प्रांतात आपला सुभेदार, कमाविसदार (वसुली करणारा) आणि राहदार (जकात घेणारा) नेमतात. म्हणजे किल्ल्यावर बादशाही निशाण, आणि खाली खिंडीत मालाच्या बैलावर पट्टी घेणारा माणूस मराठ्यांचा. मनसबदारांना, म्हणजे बादशाही सरदारांना, जहागिरी मिळत होत्या त्या कागदावर. पोट भरेना म्हणून त्यातले कित्येक मराठ्यांशीच परस्पर जमवून घेत होते.

म्हणून मला विचाराल तर दख्खन मराठ्यांनी जिंकलं ते १७१९ साली, आणि त्या विजयाचा एकही पुतळा नाही. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून येसूबाईंना सोडवून घेऊन आले आणि सोबत दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा. वसुलाच्या शंभरातले पंचवीस आणि वर दहा. देणारा कोण, तर औरंगजेबाच्याच गादीवरचा बादशहा. यावर कुणी स्टेटस ठेवत नाही, कारण या चित्रात घोडा नाही, दप्तर आहे.

आता हाच गज आपल्याला उलटाही लावला पाहिजे, नाहीतर मी पण त्याच पांढऱ्या घोड्यांवर बसलोय असं होईल. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली, तेव्हा स्वाऱ्या थांबल्या. आपल्या बाजूने तो हक्काचा वसूल. तिकडे आजही बाळाला झोपवताना जे गाणं म्हणतात त्यात 'बर्गी' येतात, म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यांवरचे स्वार, आणि गाणारी विचारते की धान तर पाखरांनी खाल्लं, आता सारा कशातून भरू. ज्यांच्यावर स्वारी होते त्यांच्या बाजूने मुलूखगिरी कशी दिसते हे मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकापेक्षा त्या बाईकडून जास्त कळलं.

मग इंग्रज. त्यांना हे गणित पहिल्यापासून पक्कं माहीत होतं. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण लागलं, पण त्यांचा पुण्यातला अधिकारी एल्फिन्स्टन याचं खरं काम फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात आहे. दुसरा बाजीराव पेशवा अजून मोकळा होता. तो इंग्रज सेनानी मालकमच्या स्वाधीन झाला ३ जूनला. तरी जाहीरनाम्यात मुद्द्याचं आधीच सांगून टाकलं: वतनं, इनामं, देवस्थानं चालू राहतील, आणि सारा बाजीरावाला द्यायचा नाही. साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं, म्हणजे लोकांना डोळ्यांसमोर छत्रपती दिसत राहिले.

किल्ल्यांच्या बाबतीत तर ते औरंगजेबाच्या बरोबर उलट वागले. नावं बदलत बसले नाहीत, वाटा उडवल्या. अलंग-मदनला गेलेल्यांना माहीत आहे: कातळात कोरलेल्या सुबक पायऱ्या चढत जाता आणि मध्येच पायऱ्या संपतात. पुढे सरळसोट कडा, दोराशिवाय गती नाही. वरची टाकी शाबूत, पण तिथे राहून उपयोग काय? गडकऱ्यांच्या जमिनी आणि रामोश्यांचं पहाऱ्याचं काम हिरावलं तिथून पुढचे उठाव सुरू झाले. १८३२ मध्ये फाशी गेलेल्या उमाजी नाईकांनी जाहीरनामा काढला, त्यातही इंग्रजांना सारा देऊ नका हे होतंच. कोल्हापूरकडचे गडकरी १८४४ मध्ये सामानगडावर उठले ते याच पोटदुखीने.

आणि मग जमिनीची मोजणी. इंग्रज अधिकारी प्रिंगलचा पहिला प्रयत्न फसला. दर असे लावले की लोक गाव सोडून निजामाच्या हद्दीत गेले. १८३५ ला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून पुन्हा सुरुवात केली. ३३ फुटांची साखळी, ३३ बाय ३३ चा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, तीस वर्षांची जमाबंदी. बांधावर दगड रोवून, नंबर टाकून माणसं पुढच्या गावाला गेली. भावाभावांत कोर्टकचेरी आजही त्याच दगडांवरून चालते आणि गुंठामंत्री त्याच हिशोबाने चेन करून घेतात.

लोकांना हे कळत नव्हतं असं समजू नका. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले तेव्हा पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव सावकारांची घरं गाठली गेली. मागितलं काय, तर कर्जखतं आणि रोखे. दिले तर बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भागलं. होळी कागदांची झाली, कारण ते कागद घेऊन सावकार कोर्टात जायचा आणि जमीन जायची ती तिथे.

ज्यांच्या घरी मोडीतले जुने कागद ट्रंकेत पडून आहेत त्यांना एक विनंती. एकाच वतनाच्या मुघल आणि मराठा अशा दोन्ही बाजूंच्या सनदा सापडल्या तर फोटो टाका. वाचता येत नसेल तरी टाका, इथे मोडी वाचणारे तिघेचौघे आहेत. आणि कृपया लॅमिनेट करू नका.