मॉडेल म्हणजे वॉटरफॉल? कोणी सांगितलं?

"अजाईल करताय ना, मग सिस्टीमचं मॉडेल कशाला? मॉडेल म्हणजे आधी सगळं डिझाईन, म्हणजे वॉटरफॉलच, आणि लीनच्या हिशेबात निव्वळ वेस्ट." हा मेसेज आमच्या रत्नागिरीच्या इंजिनिअर ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, खाली अंगठेच अंगठे, म्हणून लिहितोय. नवख्यांसाठी: अजाईल म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करत, शिकत, बदलत जाणं; वॉटरफॉल म्हणजे आधी सगळं ठरवून मग एकामागून एक टप्पे; लीन म्हणजे वाया जाणारं सगळं, म्हणजे वेस्ट, कमी करायची पद्धत; आणि मॉडेल म्हणजे सिस्टीमचे भाग एकमेकांना कसे जोडलेत त्याची मांडणी.

अजाईलला डॉक्युमेंट चालत नाही म्हणणाऱ्यांनी २००१ चा जाहीरनामा अर्धाच वाचलाय. १७ जणांनी लिहिलेला तो, डावीकडे चालणारं सॉफ्टवेअर, उजवीकडे डॉक्युमेंट, आणि सॉफ्टवेअर वर ठेवलंय खरं, पण शेवटी स्पष्ट म्हटलंय की उजव्या बाजूच्या गोष्टींनाही किंमत आहे, डावीकडच्यांना जास्त, एवढंच.

आता वेस्ट. टोयोटाच्या तैइची ओहनोंनी सात प्रकारचं वेस्ट सांगितलं त्यात चुकीचा माल पण येतो ना, म्हणजे रिवर्क, केलेलं काम पुन्हा करणं. गेल्या वर्षी मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, आम्ही एका ट्रॉलरवर मासळीसाठी कूलिंग बसवत होतो. दोन-दोन आठवड्यांचे चार स्प्रिंट, म्हणजे कामाचे छोटे टप्पे, बोर्डावर चिठ्ठ्या, सगळं झकास. दुसऱ्या स्प्रिंटला कॉम्प्रेसर मोठा घ्यायचं ठरलं, ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी ओके केलं. कॉम्प्रेसर मोठा म्हणजे करंट जास्त, करंट जास्त म्हणजे बॅटऱ्या जास्त, आणि बॅटऱ्यांचे स्टीलचे ट्रे तर फॅब्रिकेटरने आधीच वेल्डिंग करून ठेवलेले! चारही ट्रे वाया गेले. कॉम्प्रेसर, करंट, बॅटऱ्या, ट्रे असे चार चौकोन आणि त्यांच्यातल्या रेघा एका चित्रात असत्या तर दहा मिनिटांत कळलं असतं हो.

आणि सगळं आधी काढायला सांगतंय कोण? या स्प्रिंटला लागतं तेवढंच काढा, पुढच्याला वाढवा. सिसएमएल, म्हणजे सिस्टीमची मॉडेल मांडायची भाषा, तिच्या व्हर्जन २ मध्ये तर मॉडेल चक्क टेक्स्टमध्ये लिहिता येतं, गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलमध्ये ठेवा, कोणी काय बदललं ते कोडसारखं दिसतं. उलट हार्डवेअरलाच याची जास्त गरज, कोड रात्रीत बदलतो, वेल्डिंग नाही बदलत.

एक मात्र कबूल, कोणी उघडत नाही असं दोनशे डायग्रामचं मॉडेल हे वेस्टच, आणि अपडेट न केलेलं मॉडेल तर नसलेलं परवडलं, तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे.

ट्रे आमच्या पडवीत आहेत, मे महिन्यात आईने त्यात आमसुलं वाळवली.