शेंडे उडवले की झाड पडत नाही? सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मे महिना लागला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: 'पावसाळ्याआधी आवारातली झाडे अर्ध्यावर छाटून घ्या, वजन कमी झाले की पडत नाहीत. पडतात ती फक्त विदेशी झाडे. बुंध्याभोवती काँक्रीट करा, झाड पक्के होते. कापलेल्या जागी डांबर लावा, ढोली सिमेंटने बुजवा. झाड अडचणीचे असेल तर मुळासकट हलवता येते, नाहीतर एकाच्या बदल्यात दहा लावा. आपल्या आवारातल्या छाटणीला कुणाची परवानगी लागत नाही.'

पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. फांदी पडून माणूस दगावल्याची बातमी दर पावसाळ्यात येते, आणि त्याच झाडाखाली आपली मुले खेळत असतात. पण या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक सूचना झाड पडण्याचा धोका वाढवते. म्हणून एकेक घेऊन बोलू.

'अर्ध्यावर छाटा, वजन कमी होते'

त्या पावसाळ्यापुरते वजन कमी होते, हे खरे. पुढे काय होते ते मेसेजमध्ये येत नाही.

झाडाचे अन्न पानांत तयार होते. अर्धा पसारा उडवला की झाड उपाशी पडते आणि खोडात-मुळांत साठवलेले अन्न खर्चून घाईने धुमारे फोडते. हे धुमारे सालीच्या जरा आतून फुटलेले असतात. मूळची फांदी वर्षानुवर्षे खोडाच्या लाकडात रुजत गेलेली असते. धुमारा नुसता वरवर चिकटलेला असतो. दोन-तीन पावसाळ्यांत तो मनगटाएवढा जाड होतो, वर पानांचा गच्च झुपका येतो, आणि ज्या थुटक्यावर तो उभा आहे ते थुटके तोवर आतून कुजू लागलेले असते. मग वाऱ्यात मोडतो तो हा धुमारा. लोक म्हणतात, 'बघा, तीन वर्षांपूर्वी छाटले होते तरी पडले.' छाटले होते म्हणूनच पडले.

दुसरा प्रकार याहून जास्त दिसतो. हाताला येतात त्या आतल्या, खालच्या फांद्या साफ करायच्या आणि टोकाशी तेवढा झुपका ठेवायचा. खालून झाड मोकळे दिसते, उजेड येतो, सगळे खूश. पण वाऱ्याचा सगळा भार आता फांदीच्या टोकावर आला, आणि लांब दांड्याच्या टोकावर वजन असले की तो दांडा कुठे मोडतो हे सांगायला नको. तिसरा प्रकार एकाच बाजूने छाटण्याचा: विजेच्या तारांसाठी, होर्डिंग दिसावे म्हणून, खिडकीतल्या उजेडासाठी. असे झाड कलंडलेल्या भाराने उभे राहते.

भार खरोखर कमी करायचा तर कात्री बाहेरच्या टोकांकडून लावावी लागते. लांब गेलेली फांदी मागे आणताना ती अशा उपफांदीपाशी कापायची, जिची जाडी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश आहे. ती उपफांदी मग टोकाचे काम हाती घेते आणि धुमाऱ्यांची गर्दी होत नाही. एका हंगामात एकूण पानोऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त काढायचे नाही. म्हाताऱ्या झाडाचे तर दहा टक्क्यांतच भागवावे.

आणि फांदी कापायची तीन कापांत. समजा, फांदी १५ सेंमी जाड आहे. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा काप त्याच्या चार बोटे पुढे, वरून. फांदी इथे तुटून पडते आणि पहिल्या कापामुळे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. आता उरले थुटके. फांदी खोडाला मिळते तिथे नीट पाहिले की एक फुगीर, सुरकुतलेला पट्टा दिसतो. तिसरा काप या पट्ट्याच्या लगेच बाहेरून. पट्टा कापला तर जखम खोडात शिरते, आणि हातभर थुटके ठेवले तर ते कुजत आत जाते. सोसायटीत माणसे कामाला आली की हा पट्टा त्यांना बोटाने दाखवा.

वेळही चुकते. मेच्या शेवटी केलेल्या मोठ्या जखमा जूनमध्ये सतत ओल्या राहतात आणि बुरशीचे बीजाणू नेमके तेव्हा हवेत असतात. शिवाय मे-जूनमध्ये कावळ्यांची घरटी भरलेली असतात. मोठी छाटणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी. मेमध्ये फक्त वाळलेल्या, तडकलेल्या, लोंबकळणाऱ्या फांद्या काढाव्यात.

'पडतात ती फक्त विदेशी झाडे'

गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ, हे मान्य. पण जांभळाच्या फांदीवर भरवसा ठेवू नये हे कोकणातल्या पोरासोरांनाही माहीत असते, आणि जांभूळ आपलेच. शेवगा, पांगारा हेही आपले, आणि काडकन मोडणारे. नवे झाड लावताना करंज, बकुळ, ताम्हण, कडुनिंब निवडा, जरूर निवडा. पण साठ वर्षांचा धडधाकट पर्जन्यवृक्ष केवळ परका म्हणून तोडणे म्हणजे डोक्यावरचे छप्पर काढून टाकणे. झाड कुठले आहे याच्याइतकेच त्याच्या मुळांशी काय झाले आहे हे महत्त्वाचे, आणि तिथे मेसेजमधली पुढची सूचना सगळ्यांत घातक आहे.

'बुंध्याभोवती काँक्रीट करा, झाड पक्के होते'

झाड खांबासारखे खड्ड्यात रोवलेले नसते. बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या ६० सेंमीत आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. तंबूच्या दोऱ्यांसारखा त्यांचा ताण झाडाला उभे धरतो. या मुळांना हवा लागते. काँक्रीट किंवा घट्ट ठोकलेले पेव्हर ब्लॉक पडले की मातीतली हवा जाते, पाणी वरून वाहून गटारात जाते, बारीक मुळे मरतात, मग जाड मुळे कुजतात. वर पाने हिरवी असतात, कारण दोन-चार मुळे कुठून तरी पाणी ओढत असतात. अशा झाडाला जुलैत, माती चिखल झाल्यावर, एक जोराचा झोत पुरतो. पडलेल्या झाडाच्या तळाशी पाहा: मुळांचा पसारा नसतो, काळी पडलेली थुटकी असतात.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००० सालीच झाडाभोवती सुमारे ६ बाय ६ फूट जागा मोकळी ठेवायला सांगितले आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. म्हणजे ही केवळ झाडवेड्यांची हौस नाही.

काँक्रीट काढतानाही घाई नको. ब्रेकर लावला तर मुळे ठेचली जातात. छिन्नी-हातोडीने तुकडे करून हाताने उचला. खालची माती खणून उलटी करू नका, वरवर मोकळी करा. त्यावर पालापाचोळा आणि कंपोस्टचा ५ ते ८ सेंमीचा थर द्या, पण बुंध्यापासून वीतभर लांब. बुंधा जमिनीत शिरताना जिथे रुंदावतो ती जागा उघडी दिसली पाहिजे. हौसेने पार बांधून आत भराव टाकला की हीच जागा गाडली जाते आणि साल ओलीने कुजते.

काँक्रीटइतकाच मोठा शत्रू म्हणजे चर: केबल, गॅस, ड्रेनेज, कुंपणाची भिंत. इंग्लंडमध्ये बांधकामांसाठी जो नियम पाळतात तो सोपा आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याची बारा पट करा. तेवढ्या त्रिज्येत खोदकाम नको. घेर १५० सेंमी असेल तर व्यास सुमारे ४८ सेंमी, म्हणजे अंतर पावणेसहा मीटर. आपल्या गल्ल्यांत एवढी जागा मिळत नाही हे ठाऊक आहे. मग निदान त्या टप्प्यात जेसीबी नको, हाताने खणा, आणि अंगठ्याहून जाड मूळ आले की केबल त्याच्या खालून सरकवा. किनारपट्टीवर पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, आणि ताण सोसतात ती त्याच बाजूची मुळे. चर त्या बाजूने गेला असेल तर झाड पूर्वेकडे जाणार, हे आधीच सांगता येते.

'डांबर लावा, ढोली सिमेंटने बुजवा'

झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारते आणि वर नवी साल ओढून घेते. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे चिरून हे दाखवले. डांबर, रंग यांनी कुजणे थांबत नाही. थराखाली ओल मात्र धरून राहते. गेरू-चुन्याच्या पट्ट्याने रस्ता रात्री नीट दिसतो, झाड मजबूत होत नाही.

सिमेंटचे तर उलटेच. झाड डोलते, सिमेंट डोलत नाही. कडेला फट पडते आणि तिथे पाणी साचते. ढोली साफ करायला आत कोयता चालवला की झाडाने बांधलेली भिंत फुटते. ढोली आहे म्हणून झाड पडणार असेही नाही. पोकळ नळी चांगला भार सोसते. कुजलेल्या भागाबाहेरचे निरोगी लाकूड त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे, म्हणजे ६० सेंमी व्यासाच्या खोडात सगळीकडून १० सेंमी, असेल तर तज्ज्ञ सहसा लगेच कुऱ्हाड काढत नाहीत. पण बाजू उघडी असेल किंवा खोडाला उभी चीर असेल तर हा हिशेब लागू होत नाही.

'मुळासकट हलवता येते, नाहीतर दहा लावा'

हलवता येते, पण कशाने ते पाहा. ३० सेंमी व्यासाच्या झाडाबरोबर त्याच्या दहा पट, म्हणजे ३ मीटर रुंदीचा मातीचा गोळा यायला हवा. खोली एक मीटर धरली तर ७ घनमीटर माती, ११-१२ टन वजन. त्याआधी काही महिने निम्म्या घेराला चर मारून, नवी मुळे फुटू देऊन, मग उरलेल्या निम्म्याला चर मारायचा. प्रत्यक्षात एका दिवसात जेसीबीने मीटरभराचा गोळा निघतो, फांद्या उडवून खांब उरतो आणि तो दुसरीकडे पुरला जातो. त्याला फुटलेली कोवळी पाने साठवलेल्या अन्नावरची असतात. फोटो काढले जातात, पुढच्या उन्हाळ्यात तो खांब वाळतो.

दहाचा हिशेब करू. २० मीटर पसाऱ्याच्या पर्जन्यवृक्षाची सावली सुमारे ३१४ चौरस मीटर. मीटरभर पसाऱ्याच्या दहा रोपांची मिळून सुमारे ८. महाराष्ट्राच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट आली, ती याच विषमतेमुळे पटते.

आणि ती रोपे तरी नीट लागतात का? काळ्या पिशवीत वर्षानुवर्षे राहिलेल्या रोपाची मुळे आत गोल गोल फिरलेली असतात. ती तशीच लावली तर पुढेही गोलच जाड होतात, बाहेर पसरत नाहीत, आणि पंधरा वर्षांनी झाड बुडातून कलंडते. लावताना पिशवी पूर्ण काढा, कडेची वेटोळी तीन-चार ठिकाणी उभी चिरा. मुरमाड जागेत खड्डा मीटरभर रुंद हवा. आधाराच्या बांबूला सुतळी सैल बांधा आणि वर्षाने सोडा. लोखंडी ट्री गार्ड तर आठवणीने काढाच. कडी खोडात रुतून साल तिच्यावर चढलेली झाडे कुठल्याही रस्त्यावर दिसतील. त्यांना खाली अन्न पोचत नाही.

'आपल्या आवारात परवानगी लागत नाही'

लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे, खासगी जागेलाही लागू आहे, आणि 'झाड तोडणे' याच्या व्याख्येतच झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे येते. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. अर्जात 'धोकादायक झाड' एवढेच लिहू नका. कोणत्या फांद्या, किती जाडीच्या, कुठल्या बाजूच्या, ते फोटोवर खुणा करून द्या. ठेकेदाराशी फांद्यांच्या ट्रकावर पैसे ठरवू नका. तसे ठरवले की जास्त कापण्यातच त्याचा फायदा.

धोका खरा आहे का हे पाहायला शिडी लागत नाही. जोराच्या पावसानंतर बुंध्याभोवती फिरा. वाऱ्याच्या बाजूला मातीत कमानीसारखी भेग पडली आहे का, जमीन उचललेली दिसते का? बुंध्याशी तपकिरी, चकचकीत बुरशीची पाखे फुटली आहेत का? कललेले झाड शेंड्याकडे पुन्हा सरळ वर वळले असेल तर त्याने आपला तोल पूर्वीच सावरला आहे. खोड आणि शेंडा एकाच रेषेत तिरके असतील आणि हा कल या वर्षीच आलेला असेल, तर खालच्या गाड्या आजच काढा, मुलांचे खेळणे तिथून हलवा आणि त्याच दिवशी उद्यान विभागाला फोन करा.